काम परत पाठवणाऱ्यांचे आभार

कामावर कडक असणारा सीनियर मिळणं हे नशीब की त्रास, यावर हल्ली जिथं चार नोकरी करणारे जमतील तिथं वाद होतो, आणि त्यात दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते, सारखं चुका काढणारा माणूस टॉक्सिक, त्याच्यापासून लांब राहा, मनःशांती आधी. दुसरी म्हणते, आम्हाला झोडपलं म्हणून आम्ही घडलो, आताच्या पोरांना जरा काही बोललं की तोंड पाडून बसतात. आम्ही ख्रिस्ती लोक यात अजून एक गोष्ट करतो, दोन्ही बाजूंना वचनं पुरवतो. पहिल्यांना सांगतो की देव प्रीती आहे, दोष काढू नका, सांभाळून घ्या. दुसऱ्यांना सांगतो की ज्याच्यावर प्रभू प्रीती करतो त्याला तो शिक्षा करतो. वचनं सगळी खरीच आहेत, पण अशी तोडून वापरली की ज्याला जे हवं ते मिळतं आणि प्रश्न होता तिथंच राहतो.

मी नर्स आहे, बरीच वर्षं वॉर्डात गेली, आता नवीन मुलं-मुली माझ्या हाताखाली शिकतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी रोजचा आहे. माझं म्हणणं असं की आपल्याकडून काम नीट होईपर्यंत ज्यांनी पाठ सोडली नाही त्यांचे आभार आपण उघडपणे, नाव घेऊन मानले पाहिजेत. आणि हे आभार मानणं ख्रिस्ती माणसाला खरंतर सोपं जायला पाहिजे, कारण त्याची किंमत त्याच्या कामावरून ठरलेली नाही. मात्र आभार मानले म्हणजे त्यांचं सगळंच वागणं बरोबर होतं असं सर्टिफिकेट दिलं, असं होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली की वाद सुरू होतो.

आमच्या ट्रेनिंगच्या वॉर्डात एक इन्चार्ज सिस्टर होत्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत, पण त्यांची ड्यूटी आहे कळलं की आख्खी बॅच सावध व्हायची. डॉक्टरांची ऑर्डर आधी आमच्या वहीत उतरवायची, ती त्यांना दाखवायची, मगच पुढचं काम, असा त्यांचा नियम. अर्धा मिलिग्रॅम असेल तर दशांश चिन्हाच्या आधी शून्य हवंच, ०.५, नुसतं टिंब आणि पाच चालणार नाही, कारण टिंब पुसट उमटलं की रात्रपाळीची नर्स पाच वाचते आणि पेशंटला दहापट डोस जातो. उलट पूर्ण पाच असतील तर पुढे टिंब-शून्य जोडायचं नाही, तेच टिंब दिसलं नाही तर पाचाचे पन्नास होतात. इन्सुलिनला युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा, नुसतं इंग्रजी यू अक्षर नाही, कारण घाईत काढलेला यू शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात. औषधाचं लेबल तीनदा वाचायचं, कपाटातून काढताना, भरताना आणि बाटली परत ठेवताना, आणि तेही तोंडाने. यातलं काहीच त्यांनी शोधून काढलेलं नव्हतं, आज जगभरच्या हॉस्पिटलांच्या नियमावल्यांत हे सापडेल. पण नियम भिंतीवर चिकटवलेला असतो आणि हात आपला जुन्याच सवयीने चालतो, हे त्यांना माहीत होतं. म्हणून वही परत यायची. चुकलेल्या जागी पेन्सिलीचा बारीक गोल, बाकी एक शब्द नाही. परत लिहायचं, परत दाखवायचं, आणि शेवटच्या मुलीची वही बरोबर येईपर्यंत त्या थांबायच्या, ड्यूटी संपून गेली तरी.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण पुढचा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. स्वतः इन्सुलिन भरलं की त्या सिरिंज आणि बाटली आमच्यातल्या सगळ्यात नवीन मुलीपुढे धरायच्या, वाच, किती आहे सांग, ऑर्डर किती आहे सांग. एवढ्या वर्षांची अनुभवी बाई, पण पहिल्या वर्षाच्या मुलीने होय म्हटल्याशिवाय पेशंटकडे वळायची नाही. जे माप आम्हाला, तेच स्वतःला.

त्या वेळी आम्हाला राग यायचाच. जेवणाच्या सुट्टीत आम्ही म्हणायचो, टिंबासाठी एवढं काय, अर्थ तर कळतोय ना. आता मागे वळून बघते तेव्हा कळतं की त्या खोलीत त्या आणि आम्ही एवढेच नव्हतो, पलीकडच्या बेडवर एक माणूस झोपलेला होता ज्याला या वादातलं काही माहीत नव्हतं आणि ज्याच्या शिरेत ते औषध जाणार होतं. मेंटॉरबद्दल बोलताना लोक हा तिसरा माणूस विसरतात. शिकवणारा आणि शिकणारा, त्यांचं नातं, त्यांच्या भावना, एवढंच धरून चर्चा होते. पण काम कुणासाठी तरी असतं. पुलावरून कुणी जाणार असतं, हिशोबावर कुणाची पेन्शन अवलंबून असते, वर्गात कुणाचं मूल बसलेलं असतं. शिकाऊ माणसाला सांभाळून घेतलं, जाऊ दे म्हटलं, तर ती दया दिसायला छान दिसते, पण तिचा खर्च त्या तिसऱ्या माणसाच्या खात्यावर पडतो, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर ही आज्ञा वॉर्डात पाळायची तर सुरुवात त्या बेडवरच्या माणसापासून करावी लागते.

बायबलमधल्या कलस्सैकरांच्या पत्रातलं ते वचन सगळ्यांना पाठ असतं, जे काही कराल ते माणसांसाठी नाही तर प्रभूसाठी म्हणून मनापासून करा. पोस्टरवर असतं, ऑफिसच्या टेबलावर असतं. पण ते मुळात कुणाला लिहिलंय ते बघा, तिसऱ्या अध्यायात पत्र लिहिणारा प्रेषित पौल ते दासांना लिहितो, ज्यांच्या कामाची कुणी तारीफ करत नव्हतं आणि ज्यांना काम सोडायची मुभा नव्हती. म्हणून हे वचन मालकाच्या तोंडी शोभत नाही. आणि पौल तिथं थांबतही नाही, चौथ्या अध्यायाची सुरुवातच मालकांना उद्देशून आहे, दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. जो मेंटॉर पहिलं वचन दुसऱ्यांना ऐकवतो आणि दुसरं स्वतःला ऐकवत नाही, त्याने अर्धंच पान वाचलंय.

आता कृपेचा मुद्दा, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा गैरसमज इथं आहे. चर्चमधल्या कितीतरी चांगल्या माणसांना मनापासून वाटतं की कृपा म्हणजे स्टँडर्ड जरा खाली घेणं. गायनाची तयारी झाली नाही, चालेल, देव मन बघतो. संडे स्कूलचा धडा वाचून आला नाही, चालेल, वेळ काढतोय हेच खूप. कुणी बोललं की तो नुसता नियमावर बोट ठेवणारा, बायबलमधल्या कर्मठ शास्त्री-परूशांसारखा. मला हे उलटं दिसतं. कृपा सांगते की तू देवाला प्रिय आहेस ते तुझ्या कामामुळे नाही, तुझं काम उत्तम झालं म्हणून ते वाढणार नाही आणि बिघडलं म्हणून कमी होणार नाही. ज्याला हे खरंच पटलंय त्याच्याच कामाबद्दल मोकळेपणाने खरं बोलता येतं. ज्याची सगळी किंमत कामात अडकलीये त्याला वहीवरचा पेन्सिलीचा गोल हा स्वतःवरचा घाव वाटतो, तो एकतर भांडेल किंवा कोसळेल किंवा चूक लपवेल, आणि हॉस्पिटलमध्ये लपवलेली चूक सगळ्यात महाग पडते. ज्याची किंमत आधीच ठरून गेलीये, क्रुसावर ठरून गेलीये, तो म्हणू शकतो, दाखवा, कुठं चुकलं. कृपेने काम सोपं होत नाही, कामाबद्दलचं सत्य ऐकायची ताकद येते. आणि म्हणून माझं मत आहे की ज्या चर्चमध्ये कृपा नीट शिकवली जाते तिथली माणसं कामावर जास्त दुरुस्ती घेणारी असायला हवीत. तशी ती नेहमी असतात असं मात्र मी म्हणणार नाही.

येशूची शिकवण्याची पद्धत बघितली तरी हेच दिसतं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात शिष्य पेत्र येशूला तू ख्रिस्त आहेस असं सांगतो, आणि थोड्याच वेळात त्याच पेत्राला सैताना, माझ्यापुढून निघून जा हे ऐकावं लागतं, तेही बाकी शिष्यांच्या देखत. यापेक्षा कडक शब्द मी तरी कुठल्या इन्चार्जच्या तोंडून ऐकलेले नाहीत. पण पुढचा अध्याय उघडला की दुसऱ्याच वचनात काय आहे, सहा दिवसांनी येशू पेत्र, याकोब आणि योहान यांना घेऊन उंच डोंगरावर गेला. पेत्राला यादीतून काढलं नाही. ज्याला सगळ्यात जास्त ऐकवलं त्यालाच सगळ्यात जवळ नेलं. कडक शब्दानंतर तो माणूस तुम्हाला जवळ ठेवतो की तोडतो, हे मी आता प्रत्येक शिकवणाऱ्यात बघते, स्वतःमध्येही.

अपुल्लोसचा प्रसंग मला याहून आवडतो आणि त्यावर उपदेश फार कमी ऐकायला मिळतो. प्रेषितांची कृत्ये, अठरावा अध्याय. अपुल्लोस आलेक्सांद्रियाचा, वक्ता, शास्त्रात पारंगत, सभास्थानात निर्भयपणे बोलणारा. आणि प्रिस्किल्ला आणि अक्विला हे नवराबायको कोण, तर तंबू करणारे, त्याच अध्यायाच्या सुरुवातीला सांगितलंय की पौलाचाही तोच धंदा म्हणून तो त्यांच्याकडे राहून काम करत होता. हे दोघं अपुल्लोसचं भाषण ऐकतात आणि त्यांच्या लक्षात येतं की माणूस हुशार आहे, बोलतोय ते बरोबरही आहे, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक आहे, पुढचं माहीत नाही. ते भर सभेत उठून टोकत नाहीत. गप्पही बसत नाहीत, एवढा चांगला बोलतो, कशाला त्याचा उत्साह घालवा असं म्हणत नाहीत. त्याला बाजूला घेतात आणि देवाचा मार्ग अधिक अचूक समजावून सांगतात. अचूकपणाचा आग्रह धरणारी ही माणसं हाताने काम करणारी होती, याचं मला नवल वाटत नाही. शिवणीचा एक टाका सुटला तर तंबू पाऊस आत घेतो, हे ज्याला रोजच्या कामातून कळतं त्याला शिकवणुकीतली फटही दिसते. आणि अपुल्लोसने ते ऐकून घेतलं असणार, कारण पुढे तो अखयात गेला तेव्हा तिथल्या विश्वासणाऱ्यांना त्याची फार मदत झाली असं कृत्यांचा लेखक लूक लगेच लिहितो. बुद्धिमान वक्त्याने कारागिरांकडून दुरुस्ती घेतली. शिकाऊ डॉक्टरने जुन्या नर्सकडून घ्यावी तशी, आणि हे सोपं नसतं ते वॉर्डात काम केलेल्या कुणालाही विचारा.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात एक धनी तीन दासांकडे आपले पैसे सोपवून परदेशी जातो, आणि तो परत आल्यावर तिसरा दास त्याला म्हणतो, तुम्ही कठोर माणूस आहात म्हणून मी भ्यालो आणि पैसे जमिनीत पुरले. आपण त्याचं बोलणं खरं धरून चालतो. पण धन्याने आधी काय केलं होतं? एक टॅलेंट म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांची कमाई या माणसाच्या हातात ठेवून धनी परदेशी निघून गेला होता. ज्याला सगळ्यात कमी मिळालं त्याला एवढं. असा माणूस नुसता कठोर कसा म्हणायचा? ज्याने मागितलं त्याने आधी दिलं होतं, आणि ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे दिलं होतं. चांगल्या मेंटॉरची अपेक्षा मोठी असते कारण त्याने विश्वासही मोठा टाकलेला असतो. ज्या मुलीकडून काहीच होणार नाही असं वाटलं असतं, तिला आमच्या सिस्टर गोल करून देत बसल्या नसत्या. असं त्यांना एकाही मुलीबद्दल वाटलं नाही, ही गोष्ट वेगळी.

पण एवढं बोलून थांबले तर मी त्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्यासारखं होईल, झोडपलं म्हणून घडलो वाल्यांच्या. म्हणून ऑगस्टीन या जुन्या ख्रिस्ती विचारवंताचं सांगते. त्याचा जन्म ३५४ सालचा, आणि कन्फेशन्स या आत्मकथनाच्या पहिल्या भागात त्याने आपल्या शाळेबद्दल लिहिलंय. अभ्यासात हयगय केली की मार बसायचा, लहान ऑगस्टीन देवाला प्रार्थना करायचा की शाळेत मार बसू देऊ नको, आणि मोठी माणसं, आईवडीलसुद्धा, त्या वळांना हसायची. मोठेपणी, बिशप झाल्यावर तो हे लिहितो तेव्हा काय म्हणतो? मला अभ्यास आवडत नव्हता, जबरदस्ती केलेली त्याहून आवडत नव्हती, तरी जबरदस्ती झाली आणि माझं भलं झालं. आणि लगेच पुढे, जे जबरदस्ती करत होते तेही चांगलं करत नव्हते, माझं भलं झालं ते देवाकडून. त्या शिक्षकांना फक्त पैसा आणि मानमरातब मिळवायचं साधन शिकवायचं होतं, तेही तो स्पष्ट लिहितो. मला वाटतं या सगळ्या विषयावर एवढं प्रामाणिक क्वचितच कुणी लिहिलं असेल. फायदा झाला हे मान्य, आणि ज्यांनी केलं ते चुकीचं केलं हेही मान्य, दोन्ही एकाच दमात. त्या फायद्याबद्दल देवाचे आभार मानता येतात, माराची बाजू न घेता. योसेफ भावांना म्हणतो ना, तुम्ही माझं वाईट योजलं होतं पण देवाने त्यातून चांगलं केलं, त्यात भावांनी विकलं ते बरं केलं असं कुठंही नाही.

म्हणून ज्यांना कुणी अपमान करून, सगळ्यांसमोर उभं करून, रडवून शिकवलंय आणि ते आज चांगलं काम करतात, त्यांना मी कळकळीने सांगते की तुम्ही त्या अपमानामुळे घडला नाहीत. त्या माणसाने ज्या बारकाईने बघायला शिकवलं तिच्यामुळे घडलात, अपमान फक्त सोबत आला होता. ही दोन वेगळी करता आली नाहीत तर तुम्ही तुमच्या हाताखालच्यांना दोन्ही एकत्रच द्याल, आणि मनात वाटेल की परंपरा चालवतोय. शिवाय एक हिशोब कायम राहून जातो. कडक सीनियरचं कौतुक कोण करतं, जे टिकले ते. जे मधेच सोडून गेले त्यांचं मत या कौतुकात कधीच येत नाही. नर्सिंग सोडून दुसरीकडे गेलेल्या चांगल्या हाताच्या मुली मला माहीत आहेत, त्या कामाला घाबरून गेल्या नाहीत, एका विशिष्ट माणसाच्या ओरडण्याला घाबरून गेल्या. त्यांना न विचारता आम्ही घडलो म्हणणं अपुरं आहे. इब्री लोकांच्या पत्रात म्हटलंय की कोणतीही शिस्त त्या वेळी आनंदाची वाटत नाही, दुःखाचीच वाटते, पण पुढे शांतीचं फळ देते. शांतीचं फळ, हे बघायचं. दहा वर्षांनीही ज्याचं नाव निघालं की हात थरथरतात, तिथं ते फळ आलेलं नाही, मग तो माणूस कामात कितीही तरबेज असो.

सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठासाठी जी नियमावली लिहिली त्यात मठाधिपतीला हेच बजावलंय. चुका सुधारताना जपून, गंज खरवडायच्या नादात भांडंच फुटायला नको. आणि पुढे तो म्हणतो की सगळं अशा मापाने ठरव की जे बळकट आहेत त्यांना पुढे जायला काही उरेल आणि जे दुबळे आहेत ते पळून जाणार नाहीत. हे एका वाक्यात मागितलेलं काम प्रत्यक्षात फार अवघड आहे, मी रोज करून बघते. एकाच बॅचमध्ये एका मुलीला पेन्सिलीचा गोल पुरतो, दुसरीला शेजारी बसून लिहून दाखवावं लागतं, तिसरीला थोडं मोकळं सोडावं लागतं. पण गंमत अशी की हाच बेनेडिक्ट दुसरीकडे सांगतो की मठातली सगळी साधनं, भांडी, अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी सांभाळा. म्हणजे वस्तूच्या बाबतीत त्याचं स्टँडर्ड किती वर आहे बघा, आणि माणसाच्या बाबतीत हात किती हलका. आपल्याला सहसा यातलं एकच जमतं.

पौलालाही हे एका दिवसात जमलं नाही, असं मला वाटतं. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्या पहिल्या प्रवासात मार्क म्हटलेला योहान पंफुल्यातून त्यांना सोडून यरुशलेमला परत गेला, म्हणून पुढच्या वेळी पौलाने त्याला घ्यायला साफ नकार दिला, आणि त्यावरून बर्णबाशी एवढं वाजलं की दोघं वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला, पौल सीलाला घेऊन निघाला. उपदेशांत नेहमी बर्णबाचं कौतुक होतं, दुसरी संधी देणारा म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण प्रवासात मधेच पाठ फिरवणाऱ्याबरोबर परत निघणं किती धोक्याचं आहे, हे पौलाचं म्हणणंही खोटं नव्हतं. महत्त्वाचं पुढचं आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल लिहितो, मार्कला बरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. जुना शेरा त्याने स्वतःच्या हाताने बदलला. आमच्याकडे ट्रेनिंगमध्ये एकदा बसलेला शिक्का रिटायर होईपर्यंत पुसला जात नाही, अमकी ना, ती विसरभोळी. कडक असायचा अधिकार त्यालाच आहे जो सुधारणा दिसली की तेवढ्याच स्पष्टपणे मान्य करतो. याकोब लिहितो की तुमच्यातल्या पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण आपला न्याय जास्त कडक होईल. आणि इफिसकरांच्या पत्रात मालकांना सरळ आज्ञा आहे, धमकावणं सोडून द्या.

मग आभार मानायचे म्हणजे नक्की काय करायचं. रोमकरांच्या पत्राचा सोळावा अध्याय लोक सोडून देतात, नुसती नावं आहेत म्हणून. पण पौल तिथं वीसहून जास्त माणसांची नावं घेतो आणि बऱ्याच जणांपुढे त्यांनी काय केलं ते लिहितो. फिबी बऱ्याच जणांना आणि मलाही साहाय्य करणारी, प्रिस्क (म्हणजे तीच प्रिस्किल्ला) आणि अक्विला यांनी माझ्यासाठी स्वतःची मान धोक्यात घातली, मरियेने तुमच्यासाठी फार श्रम केले, रूफसाची आई मलाही आईसारखी. तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत या वाक्याने कुणालाच काही कळत नाही. मी आमच्या सिस्टरना पत्र लिहिलं तेव्हा त्यात शून्याचं लिहिलं, युनिट पूर्ण लिहिण्याचं लिहिलं, आणि त्या आमच्यापुढे सिरिंज धरायच्या ते लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही काय बोलायचो तेही लिहिलं, कारण तेही खरं होतं. असं नेमकं लिहायला बसलं की आपोआप वेगळं होतं की कशाबद्दल आभार आहेत आणि कशाबद्दल नाहीत. ज्यांच्याबद्दल लिहायला बसल्यावर एकही नेमकी गोष्ट सुचत नाही, नुसती भीतीच आठवते, त्यांना आभाराचं पत्र लिहायचं तुमच्यावर कसलंही बंधन नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना करा आणि पुढे जा.

आणि शेवटचा मुद्दा पैशाचा आणि वेळेचा आहे, तो बोलायला कुणाला आवडत नाही, पण पौलाला त्याचा संकोच नव्हता. गलतीकरांना तो लिहितो की ज्याला वचनाचं शिक्षण मिळतं त्याने शिक्षण देणाऱ्याला सर्व चांगल्या गोष्टींत वाटा द्यावा. हे वचनाच्या शिक्षकांबद्दल आहे, मान्य, पण त्यातला न्याय कामाच्या शिक्षकांनाही लागू पडतो असं माझं ठाम मत आहे. निर्गमच्या पस्तिसाव्या अध्यायात निवासमंडप बांधणाऱ्या बसालेलला कौशल्यासोबत दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही देवाने दिली असं सांगितलंय, म्हणजे शिकवणं हा कामाचाच भाग धरलाय, फावल्या वेळातली हौस नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये नर्सिंगची शाळा सुरू केली तेव्हा प्रत्येक शिकाऊ नर्सचा दर महिन्याचा रेकॉर्ड ठेवला जायचा, वेळ पाळणं, शांतपणा, विश्वासूपणा, स्वच्छता, सगळ्याचा. कुणीतरी बसून ते बघत होतं, लिहीत होतं. आज किती वॉर्डांत एखाद्या इन्चार्जला एवढा वेळ दिला जातो? तिच्याकडे पेशंट भरपूर, स्टाफ कमी, वरून शिकाऊ मुलं, मग गोल करून वही परत द्यायला वेळ नसतो आणि हातात उरतं फक्त ओरडणं. बऱ्याच ठिकाणी ज्याला आपण टॉक्सिक सीनियर म्हणतो तो वेळ न दिलेला शिक्षक असतो. सगळ्या ठिकाणी नाही, काही माणसं वेळ दिला तरी तशीच वागतील, त्यांना शिकवण्याच्या कामावर ठेवूच नये. पण निदान ज्या हॉस्पिटल, शाळा, वर्कशॉप ख्रिस्ताच्या नावाने चालतात त्यांच्या कमिट्यांनी शिकवण्याचे तास ड्यूटीच्या तक्त्यावर वेगळे दाखवावेत, त्या तासांत शिकवणाऱ्याच्या वाट्याचं दुसरं काम कमी करावं, त्याचे पैसे द्यावेत, आणि सोडून जाणाऱ्या प्रत्येक शिकाऊ मुलाला का सोडतोयस हे त्याच्या इन्चार्जशिवाय दुसऱ्या कुणीतरी बसून विचारावं.